एप्रिलात गारा पडल्या, पोरगी म्हणायली "पप्पा ही आपली हिमनदी" — काय सांगू तिला?

तेरणाकाठचा (औसा)

राम राम मंडळी. परवा चारच्या टायमाला आमच्याकडं गारपीट झाली. जास्त नाही, पंधरा-वीस मिनिटं, पण कैऱ्या झाडाखाली अशा पडल्या की कुणी पोतं ओतलंय वाटावं, अन टरबुजाचं तर बोलूच नका. नुकसानीचं रडगाणं गायला हा धागा काढला नाही, ते दुसरीकडं चालूच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, म्हणजे माझा पण नाही, पोरीचा आहे, सहावीत आहे ती.

झालं असं की वाऱ्यानं गारा सगळ्या गोठ्यामागच्या चरात येऊन साचल्या, गुडघ्याएवढा थर झाला, अन वरनं बनमीचा कडबा वाऱ्यानं त्याच्यावर येऊन पडला. आम्ही आपलं पत्रे अन जनावरं बघायलो, तिकडं कोण लक्ष देतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी कडबा उचलायला गेलो तर खाली गारा तशाच! सुट्या नाहीत, एकमेकीला चिकटून एक मोठं ढेकूळ झालेलं. बाहेर ४० च्या आसपास तापमान अन हे असं. पोरगी बघून म्हणली, पप्पा ही आपली हिमनदी. मी म्हणलं येडी का काय. तर म्हणायली पुस्तकात दिलंय हिमनदी म्हणजे साचलेला बर्फ, तो हळूहळू सरकतो, हे पण साचलंय, आता सरकतंय का बघू. अन खरंच दोन तुरीच्या काड्या रोवल्या राव, एक ढेकळात अन एक बाजूच्या मातीत, अन बसली बघत.

दुसरं म्हणजे तिनं चार-पाच लिंबाएवढ्या गारा डब्यात घालून फ्रीजरला ठेवल्यात. एक फोडून बघितली तर आत कांद्यासारखे पदर, एक पांढरा, एक काचेसारखा, परत पांढरा. आता विचारायली की पदर कशाचे, एवढ्या उन्हाळ्यात वर बर्फ आलाच कुठून, अन ही हिमनदी नाही तर का नाही. मी बीकॉम माणूस. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, गूगलचं चिकटवू नका, ते मला पण येतंय.

---

उन्हाचा_तडाखा (बीड)

हिमनदी लातूर जिल्ह्यात! आता २०१६ सारखी मिरजेहून पाण्याची रेल्वे मागवायची गरज नाही मग 😄 काड्या सरकल्या का ते कळवा, तोवर आम्ही इकडं रसवंतीचं बर्फ बघून घेतो.

---

लादीवाला (जालना)

उन्हाचा तडाखा, हसू नका हो, लेकराचा प्रश्न लै बारीक आहे.

भाऊ, मी बर्फाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलीत, आता पोरगा बघतो. आभाळातलं मला कळत नाही पण पांढरा अन काचेसारखा हे मला विचारा. तुम्ही बर्फाची लादी बघितली असेल, बाहेरनं आरपार दिसते अन मधोमध पांढरा गाभा असतो. लोकांना वाटतं पांढरं म्हणजे घाण पाणी, तसं नाही. आमच्याकडं पत्र्याचे लांबडे कॅन असतात, त्यात गोडं पाणी भरायचं अन ते कॅन मिठाच्या पाण्याच्या हौदात उतरवायचे. मिठाचं पाणी शून्याच्या खूप खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून ते कॅनमधल्या पाण्याची थंडी काढतं... म्हणजे उष्णता काढतं, आम्ही आपलं थंडी भरतं म्हणतो. आता पाणी गोठतं ते बाहेरनं आत. अन गोठताना पाण्याची खोड अशी आहे की ते फक्त स्वतःपुरतं गोठतं, त्यात विरघळलेली हवा, क्षार सगळं पुढं ढकलत नेतं. शेवटी मधोमध ती सगळी हवा कोंडते, तिथं बारीक बुडबुडे होतात, तोच पांढरा गाभा. हळू गोठवलं अन पाण्यात हवेची नळी सोडून हलतं ठेवलं तर लादी जास्त स्वच्छ येते. घाईनं गोठवलं तर हवेला सुटायला वेळच मिळत नाही, सगळं पांढरंफेक.

म्हणून तुमच्या गारेबद्दल माझा अंदाज: जिथं पांढरा पदर तिथं ती घाईनं गोठली, जिथं काच तिथं सावकाश. वर काय झालं ते शिकलेल्यांनी सांगावं.

अन कडब्याखाली टिकलं त्यात नवल नाही. फ्रीज घरोघरी नव्हते तेव्हा आम्ही लग्नसराईत लादी भुश्यात गुंडाळून वर गोणपाट बांधून पार अंबडच्या पुढं पाठवायचो, बैलगाडीत. माझ्या आधीचे एक मिस्त्री सांगायचे की इंग्रजाच्या काळात अमेरिकेतनं जहाजानं बर्फ यायचा हिंदुस्थानात. मला वाटायचं म्हातारा फेकतोय. मागं पोरानं शोधून दाखवलं, खरं निघालं! फ्रेडरिक ट्यूडर म्हणून बॉस्टनचा व्यापारी, १८३३ ला त्यानं तळ्यातला गोठलेला बर्फ कापून कलकत्त्याला धाडला, चार महिने जहाज समुद्रात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, १८० टन भरला होता त्यातला शंभरेक टन पोचला. कशाच्या जोरावर? लाकडाच्या भुश्याच्या. बरं बर्फ फुकटात तळ्यातला अन भुसा फुकटात वखारीतला, धंदा करावा तर असा.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

लादीवाले काका, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर आहे, आमच्या सरांनी एमएस्सीला दोन तास लावून जे शिकवलं ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

दादा, आता वरचं सांगते. खाली ४० असलं तरी वर जाल तसं हवा गार होत जाते, किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश धरा, तापलेल्या दुपारी त्याहूनही जास्त, म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात पाचेक किलोमीटरवर शून्य येतं. विमान जिथनं जातं तिथं उणे ५० च्या आसपास असतं. आणि गारपिटीचा ढग हा उंचीनं राक्षस असतो, बुड एक-दीड किलोमीटरवर आणि डोकं बारा-पंधरा किलोमीटरवर, म्हणजे त्याचा अर्ध्याहून जास्त भाग कायम फ्रीजरमध्येच आहे. उन्हाळा असूनही गारा, असं आपल्याला वाटतं, पण खरं तर उन्हाळा आहे म्हणूनच गारा. जमीन तापते, गरम हवा जोरात वर जाते, तो झोत गारेला खाली पडू देत नाही, झेलत राहतो. कडाक्याच्या थंडीत असा झोतच तयार होत नाही. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त होतं कारण तेव्हा पश्चिमेकडनं वर थंड हवा येते आणि खालनं समुद्राकडनं दमट हवा, दोघींची गाठ आपल्या डोक्यावर पडते. २०१४ आठवतंय ना, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत रोज कुठं ना कुठं.

आता मजा अशी आहे की ढगातलं पाणी शून्याला गोठत नाही. एकदम बारीक थेंब, त्यात धुळीचा कण नसेल तर उणे ३८-४० पर्यंत पाणीच राहतं, याला अतिशीत पाणी म्हणतात. ते फक्त टेकायला काहीतरी शोधत असतं. गारेचा गर्भ, म्हणजे एखादा गोठलेला थेंब किंवा मऊ हिमकण, त्याच्यावर आदळला की झटक्यात गोठतो. जिथं खूप थंड आणि पाणी कमी तिथं थेंब आदळताक्षणी गोठतो, हवा आत अडकते, पांढरा पदर. जिथं पाणी भरपूर तिथं गोठता गोठता उष्णता बाहेर पडते, गारेचं अंग ओलं राहतं, पाणी पसरतं मग सावकाश गोठतं, बुडबुडे निसटतात, काचेचा पदर. म्हणजे काकांचा कॅन आणि ढग, दोघांचं शास्त्र एकच.

एक दुरुस्ती. शाळेत शिकवतात की गार वर-खाली वर-खाली फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीला एक पदर चढतो. आता अभ्यासक म्हणतात की तेवढ्या फेऱ्या मारायची गरज नसते. झोतात तरंगत एकदाच आडवी सरकली तरी कुठं पाणी जास्त, कुठं कमी, त्यानं पदर पडतात. त्यामुळं पदर मोजून "चार फेऱ्या मारल्या" असं पोरीला सांगू नका.

---

खडूस_परभणीकर

सगळं ठीक आहे पण एवढा झोत असतो तर मग पाखरं, पत्रे, आपण का वर जात नाही? काहीही सांगायचं.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

झोत ढगाच्या आत आहे हो काका, अंगणात नाही 🙂 आणि तो किती असतो ते गारेवरनंच कळतं. लिंबाएवढी गार खाली येते तेव्हा ताशी ४० ते ६५ किलोमीटरनं येते. म्हणजे तिला वर झेलून धरायला तेवढाच तरी वारा लागला असणार. अमेरिकेत साऊथ डकोटा राज्यात व्हिव्हियन गावाला २०१० च्या जुलैमध्ये गार पडली होती तिचा व्यास २० सेंटिमीटर, आपला मोठा खरबूज धरा. आणि आपल्याच देशात मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ ला गारपिटीत २४६ माणसं गेली. तारीख बघा, एप्रिलच.

---

खडूस_परभणीकर

बरं. पाखरांचं मागं घेतो.

---

फौजी_उदगीर (निवृत्त)

जय हिंद. ग्लेशियरचं, म्हणजे हिमनदीचं, नाव आलं म्हणून लिहितो. मी सियाचीनला तैनातीवर होतो, किती साली अन कुठल्या पोस्टला ते सांगणार नाही. ७६ किलोमीटरचं ग्लेशियर आहे, म्हणजे लातूर ते उदगीर धरा अन वर थोडं. एवढं सगळं बर्फ.

पोरीला सांगा, ग्लेशियर शांत नसतं. रात्री झोपलं की खालनं आवाज येतो, कडाड करून, पहिल्या रात्री मला वाटलं गोळा पडला. उस्ताद हसला अन म्हणला, चल रहा है. चालतं म्हणजे डोळ्याला दिसत नाही पण चालताना फाटतं, त्या फटीला आम्ही क्रेवास म्हणतो. वरनं नवीन बर्फ पडला की फट झाकली जाते, दिसत नाही, म्हणून दोरीनं एकमेकाला बांधून चालायचं, अन जमेल तेवढं रात्री नाहीतर पहाटे, कारण तेव्हा वरचा बर्फ कडक असतो, दुपारी मऊ पडतो. आमच्यातला एक जण कमरेपर्यंत गेला होता, दोरीमुळं निघाला. तो हिंगोलीचा होता, वर आल्यावर पहिलं काय म्हणला तर "आमच्याकडं हिरीत पण एवढं खोल पाणी लागत नाही." हसलो, नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट. सगळीकडं पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर नाही. बर्फ बुखारीवर, म्हणजे रॉकेलच्या शेगडीवर, ठेवायचा अन वितळवायचा. घमेलंभर बर्फ घातला तर तळाला एवढंसं पाणी निघतं अन रॉकेल किती जातं विचारू नका. म्हणून तुमच्या चरातल्या गारा तीन दिवस टिकल्या हे वाचून मला नवल नाही वाटलं. बर्फ वितळायला लै खातो.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

काका, सलाम. आणि "वितळायला लै खातो" याचा आकडाच देते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशापर्यंत तापतं. म्हणजे चहाला आधण येत आलं एवढी उष्णता खर्च होते आणि हातात काय, तर शून्य अंशाचंच पाणी. आणि तुमचं घमेलं जवळजवळ रिकामं दिसतं कारण ताज्या हिमात नव्वद टक्के जागा हवेचीच असते.

आता दादांचा मुख्य प्रश्न, चरातली हिमनदी का नाही. तुमची पोरगी फार लांब नव्हती बरं का. हिमनदी अशीच होते. हिम पडतं, वितळायच्या आत दुसरं पडतं, वजनानं खालचं दाबतं, कण एकमेकांना चिकटतात, तुमच्या ढेकळासारखे, हवा निघत जाते, बरीच वर्षं गेली की घट्ट बर्फ होतो. डोंगरातल्या हिमनदीत हे काही वर्षांत किंवा दशकांत होतं, अंटार्क्टिकाच्या आत जिथं थंडी प्रचंड आणि हिम कमी पडतं तिथं शेकडो-हजारो वर्षं लागतात. हवा पूर्ण जात नाही, थोडी बुडबुड्यांत कोंडते. काकांच्या लादीच्या गाभ्यासारखीच, फरक एवढाच की ही हवा जुनी असते. अंटार्क्टिकात खोल भोकं पाडून बर्फाचे दंडगोल काढलेत, त्यातल्या एकात आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा मिळाली, म्हणजे माणूस शेती करायच्या कितीतरी आधीची हवा बाटलीबंद. २०२५ च्या जानेवारीत युरोपच्या पथकानं २,८०० मीटर लांबीचा दंडगोल काढला, तो बारा लाख वर्षांच्याही मागं जातो.

पण तुमचं ढेकूळ दोन ठिकाणी नापास होतं. पहिलं, ते एक उन्हाळासुद्धा काढणार नाही, हिमनदीला वर्षानुवर्षं शिल्लक पडावी लागते. दुसरं, सरकणं. बर्फ स्वतःच्या वजनानं पिठाच्या गोळ्यासारखा वाहायला लागायला थर साधारण ३० ते ५० मीटर जाड लागतो, म्हणजे दहा मजल्यांची इमारत किंवा जास्त. तुमचा गुडघाभर.

काड्यांचं मात्र लई आवडलं मला! शास्त्रज्ञ हेच करतात. हिमाचल प्रदेशात छोटा शिग्री म्हणून हिमनदी आहे, तिथं बर्फात बांबू रोवून दरवर्षी मोजतात, काठी किती उघडी पडली म्हणजे बर्फ किती वितळला आणि काठी किती पुढं गेली म्हणजे बर्फ किती सरकला. याची सुरुवात स्वित्झर्लंडला झाली. ह्यूगी नावाच्या माणसानं १८२७ ला उंटरआर हिमनदीवर झोपडी बांधली होती, १८४० च्या सुमाराला बघितली तर झोपडी एक किलोमीटरहून जास्त खाली गेलेली. मग लुई अगासी यानं हिमनदीवर आडव्या सरळ रेषेत काठ्या रोवल्या. नंतर ती रेष वाकडी झाली, मधल्या काठ्या पुढं, काठाच्या मागं. अगदी नदीसारखं, मधे धार जोरात आणि काठाला संथ.

---

तेरणाकाठचा (औसा)

अरे बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. ताई, काड्यांचं वाचून दाखवलं पोरीला, आता ती जमिनीवर नाही. काडी मात्र पडली, सरकून नाही, खालचं वितळलं म्हणून. शेळीनं खाल्ली पुढं.

एक राहिलं. आमच्या चरात जिथं कडबा जाड होता तिथं गारा टिकल्या, जिथं नुसता पाला-पाचोळा अन काळी माती उडून पातळ बसली होती तिथल्या सगळ्यात आधी गेल्या. उघड्यावरच्यापेक्षाही आधी. असं कसं?

---

लादीवाला (जालना)

हा आमचा अनुभव आहे. लादीवर नुसती काळी ताडपत्री टाकली तर उलटं होतं. भुसा हवा, अन जाड हवा.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

दादा, तुम्ही बीकॉम आहात यावर माझा विश्वास नाही. हाच खेळ हिमालयात चालतो. गंगोत्रीची हिमनदी, साधारण ३० किलोमीटर लांब, जिच्या तोंडाशी गोमुख आहे, तिचे फोटो बघा. लोकांना वाटतं पांढरीशुभ्र असेल, खालचा भाग सगळा दगडगोटे आणि मातीनं झाकलेला, खाणीसारखा दिसतो. मलबा जाड असेल तर तो तुमच्या कडब्यासारखा, ऊन खाली पोचू देत नाही. पण धूळ, काजळी पातळ बसली तर ती काळी म्हणून ऊन पिते आणि खालच्या बर्फाला देते. तुमच्या काळ्या मातीनं तेच केलं. गाड्यांची, चुलींची, जळणाऱ्या शेतांची काजळी उडून हिमालयावर बसते म्हणून ओरड चालू आहे ती यासाठीच.

---

उन्हाचा_तडाखा (बीड)

मी एक गंभीर प्रश्न विचारतो, खरंच. गंगा हिमनदीतनं येते, चांगलं आहे तिचं. आपल्या गोदावरीला काय? आपल्याला ह्या हिमनद्यांचं काय देणं-घेणं, वितळल्या काय राहिल्या काय. अन सगळ्या वितळल्या तर समुद्र लातूरपर्यंत येतो का, म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला, मीठ फक्त काढावं लागंल.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

समुद्राचं आधी. जगातला सगळाच्या सगळा बर्फ वितळला तरी समुद्र ६५ मीटरच्या आसपास वर येईल, त्यातले ५८ एकट्या अंटार्क्टिकाचे आणि ७ ग्रीनलंडचे. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे. मुंबई जाईल, तुम्हाला काही मिळणार नाही. आणि असं व्हायला हजारो वर्षं लागतील, पण त्यातला एखादा मीटर आला तरी किनाऱ्यावरच्या कोट्यवधी लोकांची घरं जातात, ती माणसं कुठं जाणार, आपल्याकडंच ना. हां, समुद्रावर जो तरंगता बर्फ आहे तो वितळून पातळी वाढत नाही, पेल्यातला बर्फ वितळला म्हणून सरबत बाहेर सांडत नाही तसं. जमिनीवरचा बर्फ पेल्यात पडला तर सांडतं.

गोदावरीचं खरं आहे. त्र्यंबकेश्वरला उगम, सगळा पावसाचा हिशेब, बर्फाचा एक थेंब नाही, जायकवाडीत येतं ते नाशिक-नगरकडं पडलेलंच. पण पाऊस कसा पडतो त्यात हिमालयाचा हात आहे. हेन्री ब्लॅनफर्ड नावाचा माणूस, भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख. त्याच्या लक्षात आलं की हिमालयावर उन्हाळ्याच्या तोंडाला हिम जास्त आणि उशिरापर्यंत असेल तर त्या वर्षी देशात पाऊस कमी पडतो. कारण बर्फ ऊन परत फेकतो, उरलेलं वितळण्यात खर्च होतं, जमीन तापत नाही, मग समुद्रावरनं वारं ओढून आणणार कोण. १८८२ ते १८८५ त्यानं यावरनं पावसाचे अंदाज काढून बघितले आणि १८८६ पासून खात्याचे नेहमीचे अंदाज सुरू झाले. पुढं कळलं की एवढ्या एका गोष्टीवर भागत नाही, इतरही पन्नास गोष्टी आहेत, ते नातं पहिल्याएवढं भरवशाचं राहिलं नाही. पण आपल्या पावसाचा पहिला शास्त्रीय अंदाज हिमालयातल्या बर्फाकडं बघून निघाला होता, एवढं देणं-घेणं पुरे आहे का?

आणि आता मी जे सांगणार त्यासाठीच खरं तर मी हे नाव घेऊन फिरते. आपल्याकडं हिमनदी होती.

---

खडूस_परभणीकर

झालं. सुटली गाडी.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

ऐका तरी. पैनगंगा आमच्या माहूर-किनवटवरनं पुढं चंद्रपूर जिल्ह्यात जाते. तिथं तिच्या काठाला इरई गावाजवळ चुनखडीचा खडक आहे, त्यावर लांब सरळ ओरखडे आहेत, कुणी खिळ्यानं ओढल्यासारखे. वर दगडगोट्यांचा थर, त्यात लहान-मोठे दगड मातीत नुसते कालवलेले. नदी दगड असे कधीच टाकत नाही, ती मोठे वेगळे, बारीक वेगळे चाळून टाकते. हिमनदी मात्र सगळं एकत्र कोंबून नेते आणि तिच्या बुडाला रुतलेले दगड खालच्या खडकावर ओरखडे काढत जातात. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७५ ला हे नोंदवून ठेवलंय. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाजवळ अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाला चिकटलेला होता. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी नंतरच्या लाव्हाचा काळा खडक वरनं बसलाय, त्यामुळं आपल्याला दिसत नाही, पण शेजारीच उघडं पडलंय.

आणि हा असला थर भारतात पहिल्यांदा ओडिशात तालचेरला सापडला आणि तो बर्फाचा असावा असं १८५६ ला ज्यांनी लिहिलं त्यांच्यात एक तरुण कोण होता? हेन्री ब्लॅनफर्ड. पावसाच्या अंदाजवाला तोच. तेव्हा तो भूवैज्ञानिक होता.

---

खडूस_परभणीकर

हे मात्र माहीत नव्हतं. इरईला जायला रस्ता कसा आहे? गाडी जाते का काठापर्यंत? मी खरंच विचारतोय. परभणीत जानेवारीत पारा चार-पाचवर आला की आम्ही काश्मीर काश्मीर करत फोटो टाकतो, इथं तर घरचं अंटार्क्टिका निघालं.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

आम्ही कॉलेजच्या सहलीला जीपनं गेलो होतो, शेवटचं थोडं चालत. पावसाळ्यात जाऊ नका. आणि खडकावर नावं कोरू नका म्हणावं बरोबरच्यांना.

---

लादीवाला (जालना)

ताई, एक शंका. टीव्हीवर हिमनदीचा बर्फ निळा दिसतो. आमच्याकडं २०१८ पासून नियम आहे की खायचा नसलेला बर्फ निळा रंग घालूनच विकायचा, मासे-बिसे ठेवायला. मग हिमनदी पण खायची नाही का? 😄

---

फौजी_उदगीर (निवृत्त)

खाल्लीय काका, वर्षभर खाल्लीय. रंग सुटत नाही.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

😂😂 दाबून दाबून बुडबुडे गेले की प्रकाश आत खोल जातो, बर्फ तांबडा रंग शोषतो आणि निळा परत येतो. तुमच्या लादीत एवढी जाडी नसते म्हणून ती पांढरी-पारदर्शक.

---

तेरणाकाठचा (औसा)

शेवटचं विचारतो. डब्यातल्या गारा आज चौथ्या-पाचव्या दिवशी काढून बघितल्या तर त्या लहान झाल्यात! लाईट जास्त गेली नव्हती, अन डब्यात पाणी थेंबभर नाही. पोरगी आईवर संशय घ्यायली की सरबतात घातल्या म्हणून. घरात वातावरण तापलंय.

---

पैनगंगा_पोरगी (नांदेड)

वहिनी निर्दोष आहेत. बर्फ पाणी न होता सरळ वाफ होऊन उडतो, फ्रीजरमधली हवा कोरडी असते म्हणून. झाकणाच्या आतनं बघा, पांढरी बारीक सुयांसारखी भुकटी बसली असेल, ती गारेचीच आहे. आता उरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट गाठ मारा. आणि एक गार पदर बघायला ठेवली असेल तर फोडू नका, तव्यावर सुरी गरम करून मधोमध कापा, मग काळ्या कापडावर ठेवून बॅटरी मारा.

---

तेरणाकाठचा (औसा)

झाकणाला आहे भुकटी. आईची माफी मागितली गेली. सुरीनं कापली, पाच पदर निघाले, मधे राईएवढा पांढरा ठिपका. फोटो काढेपर्यंत वितळली.